वाणाची वेल

फणसाखालची वेल उपटताना मुठीत पानांबरोबर गोगलगाय आली आणि मी नळाकडे धावले. कितीही साबण लावला तरी हाताचा बुळबुळीतपणा जाईना.

ही जांभळ्या पट्ट्यांची वेल गेल्या संक्रांतीला शेजारच्या वृंदावहिनींनी हळदीकुंकवाचं वाण म्हणून दिली होती, गोंडस कुंडीतून. "सावलीत कुठेही लावा, बघता बघता भरते," म्हणाल्या होत्या. भरली. माझी ब्राह्मी गिळली, मागची पायरी गिळली, आणि खाली सदा ओल, किडे नि कुजका वास. बोटभर तुकडा मागे राहिला तरी पुन्हा फुटते. उपटून खताच्या खड्ड्यात टाकली, तर तिथेच रुजली.

यंदा वहिनींकडे हळदीकुंकवाला गेले, तर त्यांच्या आंब्याखाली लख्ख झाडलेली जमीन.

"तुमची वेल कुठे गेली?" मी विचारलं.

"नुसता वैताग होता हो. गेल्या वर्षी तुम्हा सगळ्याजणींना वाटून टाकली, तेव्हा कुठे सुटले बाई." हसत हसत त्यांनी माझ्या हातावर तिळगूळ ठेवला. तो तसाच मुठीत धरून मी घरी आले.

दुसऱ्या दिवशी माझ्याकडे हळदीकुंकू होतं. वृंदावहिनी सगळ्यांच्या आधी आल्या. मी हळदकुंकू लावलं, अत्तर लावलं. वाणासाठी त्यांनी रीतीप्रमाणे पदर पुढे केला आणि मी घमेलंभर ओली वेल त्यात ओतली.

त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. पण वाण कुणी परत करत नाही.

गोगलगायी मी झटकल्या नव्हत्या.