रोजची आंघोळ

नवरा आजही न्हाऊन आला होता.

बायकोने त्याच्या हातातून डबा घेतला आणि घेता घेता हळूच वास घेतला. वासाचा साबण. कानामागे ओल होती. नखं स्वच्छ होती. गावाच्या सांडपाणी प्रकल्पावर ऑपरेटर असलेला हा माणूस. सगळे त्याला गटारशेठ म्हणून चिडवायचे. आणि गेला महिनाभर तो रोज संध्याकाळी नवरदेवासारखा उजळून घरी येत होता.

दुसऱ्या एखाद्या गावात बायको खूश झाली असती. इथे टँकर आठवड्यातून एकदा यायचा. मोरीतल्या पिंपावर झाकण असायचं आणि झाकणावर दगड. घरोघरी माणसं ओल्या फडक्याने अंग पुसायची आणि त्यालाच आंघोळ म्हणायची. मग हा न्हातो कुणाच्या घरी?

"आज कुठे गेला होतात?" तिने विचारलं.

"कुठे म्हणजे? कामावर."

"काम केल्यावर माणूस मळतो."

"साहेब येणार होते, म्हणून जरा तोंड धुतलं," असं पुटपुटून तो खाली मान घालून जेवायला बसला. साहेब कालही येणार होते. परवाही.

गावात स्वतःची बोअर असलेलं घर एकच होतं, शिंपीणबाईंचं, आणि ते नेमकं प्रकल्पाच्या वाटेवर होतं. बाई एकट्या राहत. वर हसऱ्या. मागे त्याच्या शर्टाचं बटण त्यांनी आपणहून लावून दिलं होतं. तेव्हा तिला ते कौतुकाचं वाटलं होतं. आता ते बटण तिच्या डोळ्यांत खुपायला लागलं.

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर तिने घराला कुलूप घातलं, डोक्यावर पदर घेतला आणि निघाली. मनाशी पक्कं ठरलं होतं. तो शिंपिणीच्या परसात सापडला, तर तिथूनच भावाकडे जायचं आणि परत यायचं नाही.

शिंपीणबाई मशीनवर एकट्याच होत्या. "काय वहिनी, एवढ्या उन्हाच्या कुठे?" त्यांनी विचारलं. तिने आधी कुंपणावरून परसात डोकावून घेतलं. तिथे वाळत घातलेले कपडे होते आणि एक शेळी. तिच्या जिवात जीव आला, पण क्षणभरच. इथे नाही, तर मग कुणाकडे?

प्रकल्पाचं फाटक उघडं होतं. वाळूच्या फिल्टरमागून पाणी ओतल्याचा आवाज आला आणि त्यातच नवऱ्याचं गुणगुणणं. लग्नाला इतकी वर्षं झाली, घरी तो कधी गुणगुणला नव्हता. तिने चपला हातात घेतल्या. आवाज होऊ नये म्हणून, आणि वेळ आलीच तर म्हणूनही.

तो एकटाच होता. शेवटच्या टाकीच्या नळाखाली पंचा नेसून बसलेला, अंगभर फेस. तिला पाहताच त्याच्या हातातला तांब्या निसटला.

"हे पाणी..." तिने टाकीकडे बोट दाखवलं.

"आपलंच. सगळ्या गावाच्या मोऱ्यांचं," तो म्हणाला. "गाळलेलं, हवा मारलेलं, औषध घातलेलं. साहेब म्हणतात, धुण्याला चालेल, झाडांना चालेल. गाव म्हणतं, आधी तू अंगावर घे. घेतलं. खाज नाही की पुरळ नाही. तुला सांगणारच होतो गं, पण घरात घेतलं असतंस मला?"

नसतं घेतलं. हे तिला चांगलंच ठाऊक होतं. दारातच उभं केलं असतं. तिने बादलीत बोटं बुडवली, नाकाशी नेली, पुन्हा बुडवली. कसलाही वास नव्हता. पाणी गार होतं. हात कोपरापर्यंत आत गेला आणि तिला एकदम रडू कोसळलं.

"अगं, वेडी का काय तू! तुला वाटलं, दुसरी कुणी बाई आहे?"

"बाई असती तर एक वेळ माफही केलं असतं," अंबाड्याचे आकडे भराभर उपसत ती म्हणाली. "रोज आंघोळ, आणि तीही एकट्याने! सरका तिकडे."