अस्सल रंग

जळगावात हबीबचं जुन्या नाण्यांचं दुकान. धुळ्याचे मोईजशेठ तिथे यायचे, फुकटचा चहा ढोसायचे आणि तांब्याच्या चकचकीत नाण्यांना नाक मुरडायचे. "घासलेला माल नको, हबीबभाई. काळपट दाखवा. तोच अस्सल रंग."

आज शेठ मुलासाठी हबीबच्या मुलीला, सदफला बघायला घरी आले. नानकटाईची बशी रिकामी करून म्हणाले, "मुलगी गुणी आहे, पण रंगानं काळपट. आमच्याकडे नाही चालायचं. बरं, ती काळी शिवराई ठेवलीत ना माझ्यासाठी?"

सदफ उठली. "आणते, चाचा," म्हणत तिने रिकामी बशी उचलली आणि कपाटातलं नाणं घेऊन स्वयंपाकघरात गेली.



थोड्या वेळाने त्याच बशीतून तिने शिवराई शेठपुढे ठेवली, चिंचेनं घासून लख्ख केलेली.