डिग्री लागत न्हाई

काकासाहेबांनी विमानाभोवती एक चक्कर मारली आणि बाजारात बैलाच्या पुठ्ठ्यावर मारतात तशी पंखावर थाप मारली.

"तातेराव, माळ तुला दिला. रविवारी माझ्याच माळावरून उडव. तालुक्याचे मोठे साहेब येऊन राह्यलेत, मांडव म्या घालतो. फकस्त मागच्या शिटावर म्या बसणार. बराबर?"

तातेरावांचा रंधा थांबला. हा माणूस एअरफोर्समध्ये पंधरा वर्षं सुतारकी करून गावी आला आणि गेली चार वर्षं घराशेजारच्या छपरात हे दोन शिटांचं लाकडी विमान जोडत बसला. गावाने आधी त्याला येड्यात काढलं. मग सरकारी साहेब आले, सांधा न् सांधा तपासून कागदावर सही करून गेले, तेव्हा कुठे गाव गप्प झालं. आता अडलं होतं ते एकाच गोष्टीवर. उडायला हजार फूट सपाट, कडक जमीन हवी होती आणि गावात तेवढी फक्त काकासाहेबांकडे होती.

"बसा की," तातेराव पुटपुटले. अडला हरी म्हणतात, त्यातली गत.

त्यांची बायको प्रभावती चहाची कपबशी घेऊन दारात उभी होती. नवऱ्याचा तो खाली गेलेला आवाज तिला मुळीच आवडला नाही.

काकासाहेब मागच्या शिटाशी वाकून आतल्या पट्ट्या निरखू लागले. "खिळा तर कुठंच दिसंना. वर गेल्यावर सुटंल-बिटंल का रे?"

प्रभावतीने कपबशी बाकावर ठेवली. फळीवरून वीतभर लांबीचा, दोन पट्ट्या चिकटवलेला तुकडा काढला आणि त्यांच्यापुढे धरला. "मोडून बघा."

काकासाहेब एके काळचे पैलवान. त्यांनी तुकडा गुडघ्यावर ठेवला, दातओठ खाऊन जोर लावला. तुकडा काडकन मोडला. बघतात तर लाकूड चिरलेलं आणि जोड होता तसाच.

"आयला! चिकटवायला सरस हाय का काय हाय! मुंबईवरून मागिवला?"

"न्हाई. तुमच्याच दूध केंद्रावरून."

"केंद्रावर सरस कधी आल्ता?"

"सरस कशाला? दूध. रोज सकाळी तुमी परत पाठवता, ते."

"प्रभा," तातेरावांनी हळूच दटावलं. पण ती आता थांबणाऱ्यांतली नव्हती.

काकासाहेब दूध केंद्राचे चेअरमन. रोज सकाळी ते एकेकाच्या किटलीत काचेची नळी सोडून दुधाची डिग्री, म्हणजे दाटपणा, तपासत. प्रभावतीची किटली पुढे आली की नळी हातातच राही आणि कोरड्या नळीकडे बघून निकाल मिळे, "डिग्री लागत न्हाई." बौद्धवाड्यातल्या म्हशीचं दूध. त्याला नळी कशाला बुडवायची? शेजारणी म्हणत, मंग जातीस कशाला रोज? त्यावर प्रभावतीचं उत्तर ठरलेलं होतं. "न्हाई म्हणायला तरी त्यांना माझ्या तोंडाकडं बघावं लागतं." परत आलेल्या दुधाची ती साय काढी, दूध फाडून चोथा सावलीत वाळवी, जात्यावर दळी आणि चुना घालून खली, की सरस तयार. कृती तातेरावांनी फौजेत शिकलेली, हात हिचे.

"चार वर्षांचं दूध हाय ह्याच्यात," ती म्हणाली. "पंख बी त्याच्यावर टिकलेत आन् तुमचं शीट बी. हा चहा त्याच म्हशीच्या दुधाचा. एवढा घ्या आन् खुशाल बसा."

तिने कपबशी पुढे केली. काकासाहेबांनी कपाकडे पाहिलं, मग दाराबाहेर जमलेल्या चार माणसांकडे पाहिलं.

"आत्ताच घरून पिऊन आलो."

"मंग माळ राहू द्या तुमचा तुमच्याकडं."

"बाई, इचार कर. माळाबिगर काय चुलीवरून उडवतीस?"

"कुठून बी उडवू. पण तुमच्या माळाची डिग्री लागत न्हाई."

बाहेर कुणीतरी खुसकन हसलं. काकासाहेबांनी मोडका तुकडा भिरकावला आणि धोतराचा सोगा सावरत तरातरा निघून गेले.

तातेराव चाकाशी मटकन खाली बसले. "चार वर्षं, प्रभा. एका बोलात घालवलीस."

त्यांच्या हाताचे घट्टे तिने रोज पाहिले होते. पण बोललेलं एकही अक्षर तिला परत घ्यावंसं वाटलं नाही. तिने तोच कप त्यांच्या हातात दिला.

"प्या. गार होऊन राह्यला."

त्यांनी कप रिकामा केला. तिने छपराचं दार सताड उघडलं. समोरून हसनाबादचा रस्ता जात होता. पाच वर्षांपूर्वीच्या दुष्काळात सरकारी कामावर झालेला, सुतात धरल्यासारखा सरळ.

"किती फूट लागतं म्हन्ता?"

"हजार."

प्रभावतीने रस्त्याकडे बोट केलं. त्या बोटाला नख नव्हतं. ते दुष्काळातच, याच रस्त्याची खडी फोडताना हातोड्याखाली गेलं होतं.

"म्या दीड मैल फोडलाय."