कोपरा फाटलेलं कार्ड

कार्ड दोन्ही हातांच्या चिमटीत धरून वसुधा पिलारमावशींच्या स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभी होती. एक हिसका, की काम झालं. पण तो काही देववेना.

बाहेरच्या खोलीत मावशी खोक्यांच्या गराड्यात बसल्या होत्या. उद्या सकाळी ट्रक येणार आणि एडिसनमधलं बिऱ्हाड मोडून त्या मुलीकडे फ्लोरिडाला जाणार. ब्याऐंशी साली त्यांची नजर पार गेली. तेव्हापासून शेजारची वसुधाच त्यांचे डोळे. आठवडाभर बसून तिनं मावशींच्या दिवंगत नवऱ्याची, राफाएलची, जुनी पोस्टकार्डं प्लॅस्टिकच्या पाकिटांत घालून अल्बममध्ये लावली होती. त्यांवरची स्पॅनिश अक्षरं तिला लागत, अर्थाच्या नावानं शून्य.

आणि आज सगळ्यात तळाशी हे निघालं. वरचा कोपरा फाडलेला.

वसुधेच्या लग्नाआधी अमरावतीला घरी असंच एक कार्ड आलं होतं, मोठा भाऊ गेल्याचं. अक्षर वाचायच्या आधी कोपऱ्यानंच सांगितलं होतं. असलं कार्ड वाचलं की फाडायचं, घरात ठेवायचं नाही, हे आईचं सांगणं. आणि इथे ही माउली ते इतकी वर्षं जपून बसलेली! महिन्यापूर्वीच हार्ट अटॅक येऊन गेलेला. नव्या घरी हे दुःख कशाला न्यायचं? पण दुसऱ्याची वस्तू, न विचारता? देवा, आता तूच सांग.

"वसुधा, इकडे ये गं."

मावशींच्या मांडीवर अल्बम होता. बोटं एकेका पाकिटाच्या कडेवरून फिरत पुढे जात होती. शेवटचं पान झालं. पुन्हा पहिल्यापासून.

"एक नाही यात."

"सगळी लावलीत, मावशी." कार्ड अजून वसुधेच्या हातातच होतं.

"तुझ्या त्या हत्तीवाल्या देवासमोर असंच सांगशील?"

वसुधा त्यांच्याशेजारी बसली. कार्ड त्यांच्या हातात ठेवलं. "कोपरा फाटलाय याचा. आमच्याकडे असं कार्ड मरणाची बातमी घेऊन येतं. तुम्हाला पुन्हा त्रास नको, म्हणून फाडणार होते."

मावशींचा अंगठा फाटक्या कडेवर थांबला.

"कोपरा मीच फाडलाय," मग त्या म्हणाल्या. "नजर जाणार असं डॉक्टर म्हणाले ना, त्याच दिवशी. राफाएलनं लग्नाचं विचारलं ते कार्ड आहे हे. अंधारातही हाताला लागायला हवं."