बाब क्रमांक एक्केचाळीस

तोगाशी यादी घेऊन झेरॉक्स मशीनपाशी पोचला, तेव्हा उल्हास सबनीस त्या मशीनपुढे कमरेत वाकून उभा होता.

"काय बिघडलंय?" तोगाशीने इंग्रजीत विचारलं.

"काही नाही. नऊ वर्षं काम केलं त्याने. थँक्यू म्हणतोय."

तोगाशीने घड्याळ बघितलं आणि मशीनच्या नावापुढे टिक केली. आखातातल्या फुजैराचं ऑफिस एका दिवसात बंद करायला तो ओसाकाच्या हेड ऑफिसातून आला होता. २००९ चा फेब्रुवारी होता. बंदराबाहेर जहाजं नांगर टाकून नुसती उभी होती, आणि उभ्या जहाजाला पंपाचे सुटे भाग लागत नाहीत. कंपनी तेवढंच विकत होती. अकरा जणांपैकी आता दोघे उरले होते, उल्हास आणि ड्रायव्हर खैरुद्दीन. सगळ्या वस्तूंपुढे टिक झाली की फॉर्म पूर्ण. फॉर्म पूर्ण की व्हिसा कॅन्सल. मग देश सोडायला तीस दिवस. उल्हासच्या मुलीचा, शिवानीचा, दहावीचा पहिला पेपर एकतिसाव्या दिवशी होता.

"सबनीससाब, यल्ला, जल्दी करो," खैरुद्दीन दारातून म्हणाला. "कुर्सियों को इकट्ठा थँक्यू बोल दो. पिकअप खडा है."

उल्हासने खुर्च्यांचे एकेक करून आभार मानले. बारा होत्या.

हे वेड मोरितासानांचं. ते आधीचे साहेब. रिटायर होऊन जपानला परतताना केबिनमधलं शिंतो देवघर त्यांनी उल्हासच्या हवाली केलं होतं. हातभर लांबीचं, साध्या लाकडाचं, उंच फळीवर बसवलेलं. रोज सकाळी ताजं पाणी, तांदूळ, मीठ. दोनदा वाकायचं, दोन टाळ्या वाजवायच्या, पुन्हा एकदा वाकायचं. पहिल्याच दिवशी उल्हासने डोळे मिटून प्रमोशन मागितलं. मोरितासानांनी ते चेहऱ्यावरून ओळखलं. "मागायचं नाही," ते म्हणाले. "काल ज्याचा ज्याचा उपयोग झाला, त्याचे आभार. खलास." हा अरबी शब्द तेवढा त्यांना येत होता. उल्हासला फार जड गेलं. आजवर तो देवाकडे फक्त अर्ज घेऊन गेला होता.

पण सवय लागली, आणि घरापर्यंत आली. एके दिवशी त्याने कुकरचे आभार मानले.

"कुकरला थँक्यू, आणि मी काय इथे ट्रान्झिटमध्ये आहे?" त्याच्या बायकोने, सविताने विचारलं.

त्या दिवसापासून क्रम ठरला. आधी सविता, मग कुकर. शिवानी एकदा म्हणाली, "बाबा, यू जस्ट बाऊड टू द फ्रिज." त्यावर उल्हासने तिला दाखवून दिलं की तेरा वर्षांत फ्रिज एकदाही बिघडलेला नाही.

दुपारपर्यंत चाळीस बाबींपुढे टिक झाली. एक्केचाळिसावी बाब देवघर होती. शेवटची.

उल्हास फळीपुढे उभा राहिला. आज अर्ज अगदी जिभेवर आला होता. एकच दिवस जास्त दे. त्याने तो गिळला. दोनदा वाकला, दोन टाळ्या वाजवल्या, नऊ वर्षांचे आभार मानले, पुन्हा वाकला आणि बाजूला झाला.

"आता उतरवा," तोगाशी म्हणाला.

"कसं उतरवायचं?"

"स्क्रूड्रायव्हरने."

"फळी नाही हो. देव," उल्हास म्हणाला. "आमच्याकडे बसवलेला देव असा उचलत नाहीत. आधी उत्तरपूजा करतात, मग हलवतात. दीड दिवसाच्या गणपतीलाही रीतसर निरोप असतो. हा तर किती वर्षांचा. तुमच्याकडे काय करतात?"

तो हे खरोखरच विचारत होता. त्याला वाटलं, जपानी माणसाला माहीत असणारच.

तोगाशीने फळीकडे बघितलं. त्याचे कान लाल झाले.

"माझं शिक्षण फायनान्सचं आहे," तो म्हणाला.

त्याने ओसाकाला फोन लावला. तिथे एका खात्याने दुसऱ्याला विचारलं, दुसऱ्याने तिसऱ्याला. माहीत नाही, असं म्हणायला कुणाचीच जीभ रेटेना. तासाभराने तोगाशीने एक्केचाळीसपुढे 'पद्धत तपासाधीन' असं लिहिलं आणि कपाळ चोळलं.

"एक वस्तू उरली तरी फॉर्म बंद होत नाही," तो म्हणाला. "आणि कंपनीची वस्तू जिथे असेल तिथे तिला सांभाळायला एक माणूस ठेवावा लागतो. रूल आहे."

"और भगवान का पानी कौन लाएगा?" खैरुद्दीनने विचारलं. उल्हासने ते इंग्रजीत सांगितलं.

तोगाशीने विचार केला आणि फॉर्मवर एका माणसाचे दोन केले.

शिवानीने दहावी फुजैरातच दिली. मग अकरावी. मग बारावीही तोंडावर आली. तोवर जहाजं हलायला लागली होती, पंप पूर्वीसारखे बिघडत होते, आणि ऑफिसात पुन्हा आठ माणसं होती. खुर्च्या नव्या घ्याव्या लागल्या. उल्हासने त्यांचं स्वागत केलं.

२०११ च्या जानेवारीत ओसाकाहून जाड लिफाफा आला. दोन वर्षांत तो प्रश्न सतरा टेबलांवरून फिरला होता. सोबत सतरा शिक्के होते. पत्रात म्हटलं होतं की, सखोल चौकशीअंती या विषयाचा प्रत्यक्ष अनुभव असलेली एकच व्यक्ती कंपनीत आढळली. फुजैराचे श्री. सबनीस. तरी देवघर हलवण्याची योग्य पद्धत श्री. सबनीस यांनीच अभ्यास करून हेड ऑफिसला कळवावी.

उल्हासने त्याच दिवशी उत्तर लिहिलं. विश्वास टाकल्याबद्दल आभार मानले, विषय गंभीर असल्याचं कळवलं, आणि मुदत मागितली. स्वतःच्या निवृत्तीच्या तारखेपर्यंतची.