उसनं पोर

शाळेच्या भिंतीवर नवं चित्र लागलंय. आगगाडीच्या खिडकीत एक मुलगी हसतेय. खाली लिहिलंय: जर्मनीत काम, जेवण, पगार.

चेरीला यंदा बेसुमार मोहोर.

लग्नाआधी पोरीची एक वेणी, कमरेपर्यंत.

तान्हं मूल असलेल्या बाईला जर्मन पकडून नेत नाहीत. निदान आत्तापर्यंत तरी नेलेलं नाही.

"हलू नकोस गं, आकडा टोचेल."

होर्पिना लेकीच्या डोक्यावर पांढरा रुमाल आवळत होती. वेणी वर गुंडाळून आत दडपलेली, गाठ मागे, कपाळापासून मानेपर्यंत केसाची एक बट बाहेर नाही. लग्न झालेल्या बाईचा असतो तसा. युस्तिना सतरा वर्षांची होती, तिचं लग्न ठरलंसुद्धा नव्हतं. लग्नाआधी असा रुमाल चढतो तो पाय घसरलेल्या पोरीच्या डोक्यावर, आणि मग गाव जे नाव ठेवतं ते मरेपर्यंत पुसलं जात नाही.

"आई, लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. तिकडे कारखान्यात सडलीस तर लोक येणार आहेत का भाकरी घेऊन?" असं म्हणत होर्पिना स्वतःच डोळे पुसत होती.

शेजारची प्रिस्का पोराला खांद्यावर टाकून दारात उभी होती. सात महिन्यांचा तिमिश, गाढ झोपलेला. "रडतेस कशाला?" ती हसली. "एका सकाळीत पोर झालं, तेही नवऱ्याची उष्टी काढल्याशिवाय. मला विचार किती खस्ता खाल्ल्या त्या."

नवरा लढाईवर गेल्यापासून ती अशीच जास्त हसायची. जर्मनीला न्यायच्या यादीत तिचं नाव नव्हतं. पदरात तान्हं असलेली बाई, सगळ्या गावाला ठाऊक. तिला कोण हात लावणार? सगळी सकाळ तिघी त्या रुमालाचीच चिंता करत राहिल्या.

शाळेच्या पटांगणात

ओनोप्री नावाचा पोलीस यादी वाचत होता. दंडावर पांढरी पट्टी, मागे दोन जर्मन शिपाई. तो पलीकडच्या गावचा, इथल्या कुणाला ओळखत नव्हता, आणि गावचा मुखिया तापाने अंथरुणात. त्याशिवाय होर्पिनाला हे धाडस सुचलंच नसतं.

"युस्तिना."

"मूल आहे," होर्पिना पुढे होऊन म्हणाली.

ओनोप्रीने युस्तिनाच्या खांद्यावर झोपलेलं पोर पाहिलं, रुमाल पाहिला, नावावर रेघ मारली. "पुढची."

इतकंच. युस्तिनाला वाटलं होतं, फार वेळ लागेल.

पुढची आलीच नाही. ती पोरगी पहाटे जंगलात पळाली होती. ओनोप्रीने शिव्या घातल्या, दोनदा माणसं मोजली, मग कुंपणाकडे बघितलं. तिथे प्रिस्का उभी होती. पोर नजरेआड होऊ द्यायला मन घेईना म्हणून मागोमाग आलेली.

"ए, रिकाम्या हातांची. ये इकडे."

प्रिस्काने मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

"मला तान्हं आहे हो, भाऊ. ते काय, तिच्या खांद्यावर. माझं आहे ते."

"आज सगळ्या गावालाच तान्ही झालीत." ओनोप्री हसला. शिपाईही हसले, न कळता. "बरं, हाक मार. आईच्या आवाजाला उठेलच की."

"तिमिश," प्रिस्का म्हणाली. मग मोठ्याने, "तिमिश! अरे बाळा, राजा, बघ ना इकडे."

पोर ढिम्म हललं नाही.

ओनोप्री युस्तिनाकडे वळला. "तू सांग. कुणाचं हे?"

युस्तिनाने प्रिस्काकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर खरं बोलून गेली असती, हे तिला तेव्हाच कळत होतं. म्हणून ती चित्रातल्या मुलीकडे बघत राहिली.

"माझं," ती म्हणाली.

प्रिस्का तिच्याकडे चालत आली. होर्पिना मध्ये पडायला धावली, आता ही पोर हिसकावून घेणार म्हणून. प्रिस्काने पोराला हातसुद्धा लावला नाही. युस्तिनाच्या कानामागून केसांची बट निसटली होती, ती तिने बोटाने आत खोचली. गाठ सोडून पुन्हा आवळली.

"शेळीच्या दुधात निम्मं पाणी घाल," ती हळूच म्हणाली. "आणि हा रुमाल काढू नकोस. तुलाही नेलं तर ह्याला कोण?"

"प्रिस्काताई..."

"गप. बघतोय तो."

नंतर

घरी आल्यावर होर्पिना गाठ सोडायला गेली. युस्तिनाने तिचा हात झटकला.

गावाने नाव ठेवलं. तिने ठेवू दिलं. लढाई संपल्यावर दोघे-तिघे लग्नाचं विचारायला आले, त्यांना तिने दारातूनच वाटेला लावलं. त्या गाडीतून गेलेल्या पोरींपैकी सहा परत आल्या. प्रत्येकीच्या दारी युस्तिना पोराला घेऊन गेली आणि प्रत्येकीला एकच विचारलं. कुणी म्हणालं, पहिल्याच थांब्यावर प्रिस्काला दुसऱ्या डब्यात घातलं. कुणी म्हणालं, आठवत नाही.

त्या सकाळी, होर्पिनाच्या दारात येण्याआधी, तिमिश जागा होता आणि रडत होता. त्याच्या रडण्याने युस्तिनाचं बिंग फुटू नये म्हणून प्रिस्काने त्याला खसखशीच्या बोंडांचं पाणी पाजलं, शेतावर जाताना त्याने झोपून राहावं म्हणून पाजायची तेच, फक्त एक चमचा जास्त.