बशीतला चहा

मुकुंदरावांनी चहा आणून ठेवला, तेव्हा त्यांच्या बायकोच्या, शैलाताईंच्या, समोर बातम्या चालू होत्या. इथेच वाईत एका निवृत्त माणसाने बायकोला विष दिलं होतं. शैलाताईंची नजर जरा खिडकीकडे वळली, तशी निवेदिका हळू आवाजात म्हणाली, "तो रोज स्वतः चहा करायचा."

नवा टीव्ही नजर ओळखायचा. डोळे ढळले की बातमीच बदलून टाकायचा, डोळे खिळतील अशी. एक बाहेरच्या आणि एक आतल्या खोलीसाठी असे दोन टीव्ही विकताना दुकानदाराने हे कौतुकाने सांगितलं होतं. शैलाताईंना ते आठवलं, तरी कप उचलवेना. त्यांनी अर्धा चहा बशीत ओतून नवऱ्यापुढे सरकवला.

"आधी तुम्ही घ्या."

मुकुंदरावांनी बशीला हात लावला नाही. "ओतताना काही घातलंस का?"

"असं काय विचारता?"

"आतल्या टीव्हीवर आत्ताच बातमी होती. वाईतल्याच एका बाईने नवऱ्याला..." ते थांबले.

दोघांनीही टीव्हीकडे पाहिलं. निवेदिकेने चालू बातमी मध्येच सोडली. मग म्हणाली, "वाईतलं एक जोडपं आज चहा घ्यायला बसलं होतं."

दोघांपैकी कुणीच टीव्ही बंद केला नाही. बशीतल्या चहावर साय धरली.